तिसऱ्या वर्षाचा शो

भावना गजभिये एका खाजगी हॉस्पिटलात इन-चार्ज सिस्टर होती. वॉर्डात तिचा आवाज आला की पेशंटच्या खाटेवर पाय पसरून बसलेले नातेवाईक झटकन उठून उभे राहत. पण जबलपूरच्या घमापुरातल्या तिच्या घरी पाहुणे आले, जेवणं उरकली आणि कोणी नुसतं म्हटलं, "तुम्ही म्हणे लहानपणी रॉक शो पाहाले जायच्या?" की हीच बाई ओढणी खोचून सुरू व्हायची. गोष्ट ठरलेली होती आणि लोक कुठं हसणार तेही ठरलेलं होतं. तिचा नवरा अश्वजीत रेल्वेत होता. तो घरी असला तर हात धुता धुता पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायचा.

गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून सुरू व्हायची. भावना तेव्हा पंधराची. तिची मैत्रीण एकता कांचघरात राहायची आणि एकताच्या थोरल्या भावाकडे इंग्रजी गाण्यांच्या तीन कॅसेटी होत्या. तो कामावर गेला की दोघी त्या लावायच्या. शब्द एक कळत नसे. पण शाळेत हिंदी, घरी मराठी आणि गल्लीत दोन्हीची खिचडी बोलून वाढलेल्या पोरींना न कळणाऱ्या शब्दांचं काय भय? गिटार सुरू झाली की पाय आपोआप ठेका धरायचे, तेवढं पुरे होतं.

शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दर सप्टेंबरला मोठा कार्यक्रम व्हायचा आणि त्यात एका संध्याकाळी रॉक शो. आत जायला कॉलेजचं ओळखपत्र लागायचं. आणि घरातून निघायला कारण लागायचं, ते त्याहून अवघड. संध्याकाळी पोरींना बाहेर पडायला एकच जागा मोकळी होती, ती म्हणजे विहार. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाचे. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होई. ग्रंथ मराठी, आणि वस्तीतल्या नव्या पोरांना मराठी वाचता येईना. अक्षरं हिंदीचीच असून 'ळ' आला की अडखळत. या दोघींना मात्र भावनाच्या आईनं, शेवंताबाईनं, कान पिळून वाचायला शिकवलं होतं. त्यामुळे दोघींना मोठी मागणी. वाचणारीनं पांढरे कपडे घालायचे, अशी विहाराची रीत.

तेव्हा भावनानं घरी सांगितलं, "आज कांचघरच्या विहारात वाचन आहे." एकतानं तिच्या घरी सांगितलं, "आज घमापुरात आहे." दोघी पांढरी सलवार-कमीज, पांढरी ओढणी, दोन घट्ट वेण्या अशा थाटात सायकलवर डबलसीट निघाल्या. आत जायची आशा नव्हतीच. भिंतीबाहेर उभं राहून ऐकायचं, एवढाच बेत होता.

फाटकावर छातीला बिल्ला लावलेला एक पोरगा घामाघूम होऊन गर्दी रेटत होता. त्यानं या दोघींना पाहिलं आणि ओरडला, "अरे, सिस्टर लोगों को आने दो! इतनी देर से आ रहे हैं आप लोग!"

इथं पहिला हशा.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि गर्दी दुभंगली. त्यांना थेट स्टेजच्या उजव्या अंगाला नेलं. तिथं एक टेबल, दोन खुर्च्या, लाल अधिकचं चिन्ह काढलेली औषधांची पेटी. कोणीतरी थंड बाटल्या आणून दिल्या. सारं कॉलेज घामात चिंब होऊन धक्के खात उभं, आणि या दोघी स्टेजपासून पंधरा पावलांवर खुर्चीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. ड्रम वाजवणाऱ्याच्या हातातली काठी निसटली ती उडत येऊन एकताच्या मांडीवर पडली आणि तिनं ती ओढणीत लपवून घरी नेली. पुढं कित्येक वर्षं एकताची आई त्या काठीनं डाळ घोटत होती. इथं दुसरा हशा.

पुढल्या वर्षी फाटकावर वेगळा पोरगा होता, पण आतला एक जण ओळखून म्हणाला, "पिछले साल वाली सिस्टर आ गईं." झालं. खरी गंमत अशी, की कार्यक्रमाच्या प्रत्येक पोराला वाटत होतं, या नर्सांना दुसऱ्या कोणीतरी बोलावलंय. त्या वर्षी नागपूरहून आलेला बँड होता आणि गाणाऱ्याचे केस कमरेपर्यंत होते. दुसऱ्याच गाण्याला जनरेटर बंद पडला. पाच हजार पोरं अंधारात जनरेटरवाल्याच्या नावानं ओरडायला लागली, "भैयालाल! भैयालाल!" तो मळकट बनियनमधला माणूस पाना घेऊन धावला, दिवे आले आणि गाणाऱ्यापेक्षा मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. त्यानंही स्टेजसमोर येऊन वाकून नमस्कार केला.

इथं तिसरा हशा, आणि इथं गोष्ट संपायची.

"आणि तिसऱ्या वर्षी?" कोणी विचारलंच तर भावना ताटं उचलायला लागायची. "तिसऱ्या वर्षी पाऊस आला. मग लग्न, नोकरी... कुठचा शो अन् कुठचं काय."

तिची मुलगी कादंबरी बारावीत होती. तिनं ही गोष्ट बाळपणापासून ऐकली होती आणि मराठी बोलण्यापेक्षा तिला कळायचीच जास्त. यंदाच्या सप्टेंबरात एका शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंगात पांढरा कुडता, गळ्यात पांढरी ओढणी, हातात बुटांचं खोकं. खोक्यावर लाल स्केचपेननं अधिक काढलेलं.

"मम्मी, कशी दिसून राहिली मी? मैं और यशश्री, दोघी. आज कॉलेजमध्ये शो आहे, आयडी लागते. तर आम्ही तेरेवाली ट्रिक करून राहिलो. सिस्टर बनके."

भावना कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"काढ ते."

"अरे, पण तूच तर..."

"काढ म्हणलं ना! आधी ते खोकं फेक!"

घरात ती अशी कधी ओरडत नसे. कादंबरीचा चेहरा उतरला. आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या शेवंताबाईंनी विचारलं, "काहून ओरडून राहिली पोरीवर?" त्या आता त्र्याहत्तरच्या होत्या, गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत होते.

भावनानं हात धुतले. ती आतल्या खोलीत येऊन आईच्या खाटेच्या कडेला बसली आणि मुलीला समोर बसवलं. एकोणतीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हसू येईल अशी अर्धीच गोष्ट सांगत राहिलं की पोर तेवढीच शिकते, हे तिला त्या खोक्यावरचा लाल अधिक बघून कळलं होतं.

"तिसऱ्या वर्षी पाऊस नव्हता आला," ती म्हणाली.

शहाण्णव सालचा सप्टेंबर. त्या दिवशी सकाळी घरी परित्राण पाठ झाला होता. भन्तेजींनी पाठ म्हटलेलं पाणी घरातल्या सगळ्यांनी घेतलं आणि उरलेलं शेवंताबाईंनी शरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून भावनाजवळ दिलं. कांचघरला जातेच आहेस तर एकताच्या आईला दे. बाटली पिशवीत तशीच राहिली आणि दोघी शोला पोचल्या. तिसऱ्या गाण्याला दोरीपलीकडचा एक मुलगा ताठ झाला आणि धाडकन पडला. हातपाय झटके देत होते, तोंडाला फेस आला होता. पोरांनी त्याला उचलून टेबलापाशी आणून टाकलं. "सिस्टर! सिस्टर, देखिए!"

"मी त्याच वेळी म्हणायचं होतं, की मी सिस्टर नाही," भावना म्हणाली. "एक वाक्य. पण मला वाटलं, आता पकडल्या जाणार, बाबांले कळणार. चोराच्या मनात चांदणं. कोणी बूट हुंगवत होतं, कोणी हातात चाव्या देत होतं. माझ्याकडं बाटली होती. मी गुडघ्यावर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. मला वाटलं, परित्राणाचं पाणी आहे, यानं बरं होईल."

कादंबरीनं गळ्यातली पांढरी ओढणी काढून ठेवली.

"अर्धी बाटली ओतली. त्याला खोकला आला. मग खोकलाही येईना, नुसती घरघर. ओठ निळे पडले. तेवढ्यात तो भैयालाल धावत आला. त्यानं मला बाजूला ढकललं, पोराला कुशीवर वळवलं, पाठीत थापा मारल्या. 'पानी किसने पिलाया? मिरगी में पानी पिलाते हैं क्या?' म्हणून ओरडला. मग त्यानंच पोराला खांद्यावर टाकून टेंट हाउसच्या मेटाडोर गाडीत घातलं अन् घेऊन गेला. मी आणि एकता मागच्या बाजूनं पळालो."

"आणि गाणं?" कादंबरीनं विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नसावं.

"सुरूच होतं. स्टेजवरच्यांना काय माहीत. आम्ही सायकलवर खूप लांब गेलो तरी ऐकू येत होतं."

शेवंताबाई म्हणाल्या, "म्हंजे ते पानी सांडलं नव्हतं. तू तर मले म्हणली होती, सायकल पडली."

"नाही आई. सांडलं नव्हतं."

पुढचं तिनं भरभर सांगून टाकलं. ती नर्स झाली ती काही प्रायश्चित्त म्हणून नव्हे. नर्सिंगच्या जागा निघाल्या, वडिलांनी फॉर्म आणून भरला, नंबर लागला. पण दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या कुंदा मॅडमनी एके सकाळी फळ्यावर लिहिलं, की बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, ते फुप्फुसात जातं. चाळीस मुली वहीत उतरवून घेत होत्या. भावनाला ते उतरवता आलं नाही. तोवर तिला वाटत होतं, घुसमटला तो झटक्यानं; आपण फक्त खोटं बोललो. त्या सकाळी कळलं, की आपण एका मुलाला मारलं असेल.

तीन दिवसांनी ती भैयालालला शोधत गेली. तो एका लग्नाच्या मांडवामागं जनरेटरला दोरी बांधत होता. तिनं आडून आडून विचारलं. "अस्पताल में उतार दिया था," तो म्हणाला, "साँस चल रही थी, पर रंग ठीक नहीं था. फिर मुझे लौटना पड़ा, जनरेटर चालू छोड़ आया था." मग तो तिच्याकडं निरखून बघायला लागला. "तुम वही सिस्टर हो ना? पानी वाली?"

"मी नाही म्हणाली," भावना म्हणाली. "त्याच्या तोंडावर सांगितलं, मी नाही. आता तोही गेला, करोनात."

मुलाचं नाव माहीत नव्हतं. नावाशिवाय हॉस्पिटलच्या जुन्या रजिस्टरांत शोधणार काय? एकता लग्न होऊन गोंदियाला गेली होती. ती फोनवर दरवेळी म्हणायची, "भूल जा ना वं, काय उकरून राहिली?" आणि भावना बाकी सगळं विसरलीही होती. दोन वर्षांची मजा सांगून सांगून तिनं तिसरं वर्ष पार बुजवलं होतं. पण वॉर्डात एखाद्या पेशंटच्या छातीत घरघर सुरू झाली, की तिला मागं गिटार ऐकू यायची. कधी चुकलं नाही. ही तिची शिक्षा होती आणि तिनं ती कोणाला न सांगता भोगली होती.

"मग तो वाचला का?" कादंबरीनं विचारलं.

"माहीत नाही."

"उनतीस साल, आणि तुला माहीत नाही?"

"नाही."

कादंबरी शोला गेली नाही. पांढरा कुडता काढून, घडी करून कपाटात ठेवला आणि फोन घेऊन बसली. या पोरीला मराठी धड बोलता येत नसलं तरी माणसं शोधता येत होती. त्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचं एक पान तिनं रात्रीच्या जेवणाआधी हुडकून काढलं आणि त्यावर लिहिलं, की शहाण्णव सालच्या रॉक शोमध्ये एका मुलाला मिरगीचा झटका आला होता, तो कोण आणि आता कसा आहे, कोणाला ठाऊक आहे का?

दोन दिवस नुसत्या आठवणी येत राहिल्या. कोणाला गाणाऱ्याचे केस आठवत होते, कोणाला "भैयालाल, भैयालाल" आठवत होतं. भावना ड्यूटीवर असताना दर तासाला फोन बघायची. एका इंजेक्शनची वेळ तिनं दहा मिनिटं चुकवली. अठरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. चौथ्या दिवशी, बुधवारी, ती घरी येऊन चपला काढतेय तोच कादंबरी धावत आली.

"मम्मी, जिंदा है! आलं! वाच!"

नाव होतं अभिराम. इंदूरच्या मराठी घरातला मुलगा, तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता, आता पुण्यात नोकरीला. त्यानं लिहिलं होतं: "तो मीच. माझी गोष्ट मी शंभर जणांना सांगितली आहे. कुणा गाढवानं बेशुद्धीत माझ्या तोंडात पाणी ओतलं. तिथं एक सिस्टर होत्या, पांढऱ्या कपड्यांत, त्यांनी मला कुशीवर वळवलं म्हणून मी वाचलो, असं मित्र सांगतात. त्या सिस्टर कुठं आहेत हे कुणाला माहीत असेल तर सांगा. मला त्यांच्या पाया पडायचं आहे." खाली फोन नंबर.

भावनानं ते तीनदा वाचलं आणि तिथंच दाराशी, एक चप्पल पायात तशीच ठेवून, जमिनीवर बसली.

"काय लिहलं?" शेवंताबाईंनी आतून विचारलं. कादंबरीनं मोठ्यानं वाचून दाखवलं; 'ळ'ला अडखळली नाही. शेवंताबाई खाटेवर सरसावून बसल्या. मग म्हणाल्या, "झालं तर मग. पोरगा जिता आहे, खुश आहे, तुह्या पाया पडतो म्हणून राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता काही बोलू नको."

आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुलगा जिवंत आहे, एवढंच तर हवं होतं. फोन न करता राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण भावनाला तो मांडवामागचा माणूस दिसत होता, हातात दोरी धरून निरखून बघणारा. त्यानं जे केलं ते तिच्या नावावर जमा झालं होतं आणि पुण्यात शंभर लोकांना ते पाठ होतं. एकदा ती त्याच्या तोंडावर 'मी नाही' म्हणाली होती. आता 'मीच' म्हणाली असती, तर पुन्हा त्याचंच नाव पुसलं असतं.

तिनं उठून दुसरी चप्पल काढली, पाणी प्यायली आणि फोन लावला. कादंबरी तिच्याजवळ चिकटून उभी राहिली.

"नमस्कार. मी जबलपूरहून भावना गजभिये बोलतेय. त्या शोमध्ये पांढऱ्या कपड्यांत होती ती मी."

तिकडून माणूस इतका आनंदला, की दोन मिनिटं तिला बोलूच देईना. बायकोला हाक मारली, "अगं ए, सिस्टर सापडल्या!" जबलपूरला येतो म्हणाला, पुढच्याच महिन्यात.

"थांबा," भावना म्हणाली. "आधी ऐका. तुम्हाला कुशीवर वळवलं ते मी नाही. तो भैयालाल होता. जनरेटरवाला. त्यानंच तुम्हाला उचलून हॉस्पिटलात नेलं."

"भैयालाल? तो पाना घेऊन धावायचा तो?"

"तोच. तो आता नाही. पण तुम्ही लोकांना सांगता ना, तर त्याचं नाव सांगत जा."

"बरं. बरं, सांगेन. पण मग तुम्ही...?"

"मी सिस्टर नव्हते तेव्हा. सतरा वर्षांची होते, खोटं बोलून आत शिरले होते. पाणी मी पाजलं."

तो बोलायला लागला, आधी हळू आणि मग चढत्या आवाजात. एकोणीस दिवस नाकात नळ्या होत्या, तुम्हाला कल्पना आहे? बहिणीचं लग्न महिन्यावर आलेलं असताना आई सगळं टाकून इंदूरहून आली. वर्ष गेलं. सगळे मित्र पुढं निघून गेले आणि मी ज्युनिअर पोरांबरोबर मागच्या बाकावर बसलो. आणि तुम्ही पळून गेलात? एकदा विचारायलासुद्धा आला नाहीत? एकोणतीस वर्षं मी तुम्हाला देवासारखं मानत होतो! त्याचा आवाज फोनबाहेर खोलीभर ऐकू येत होता. कादंबरी घाबरून आईचा हात ओढायला लागली, फोन ठेव म्हणून.

भावनानं फोन ठेवला नाही. तिनं तो कानाला आणखी घट्ट लावला आणि डोळे मिटून घेतले, स्टेथोस्कोप लावल्यावर मिटते तसे.

"ऐकताय का?" तो ओरडला.

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोला. सगळं बोला."

तो आणखी बोलला आणि मग एकदम फोन कापला. भावना फोन हातात धरून खाटेवर बसली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. शेवंताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "सांगत होती ना मी! किती बोलला माय तो!"

"मम्मी, काय झालं? खूप वाईट बोलला का?" कादंबरीनं विचारलं.

"चार मिनिटं ओरडला," भावना म्हणाली. "एका दमात, पोरी. मधे एकदाही खोकला नाही."